अकरा अर्धवट मसुदे : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

१ जून, रविवार

काम: रखडलेलं लेखन एका जागी आणणं आणि मोजणं. दिवाळी अंकांचा मजकूर गणपतीच्या आधी हातावेगळा व्हावा लागतो. यंदा गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे, म्हणजे हातात बारा आठवडे. १९०९ साली 'मनोरंजन'नं दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाच्या मानगुटीवर ही तारीख बसलेली आहे. तिचा फायदा घ्यायचा.

तुकडे पाच ठिकाणी सापडले: दोन लांब वह्या, फोनमधल्या नोंदी, स्वतःलाच पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज, ईमेलचे ड्राफ्ट आणि एक जुनी हार्ड डिस्क. एकूण १९. त्यातले आठ ३०० शब्दांच्या आत थांबलेले. ते 'कल्पना' नावाच्या वेगळ्या फायलीत टाकले. एवढ्यात थांबलेल्या लेखनाला अडलंय असं म्हणता येत नाही, ते अजून सुरू व्हायचंय. उरलेल्या अकरांना क्रमांक दिले.

प्रत्येक मसुद्याला पोस्टकार्डाएवढं एक कार्ड. त्यावर पाच गोष्टी: शब्दसंख्या, शेवटचा हात फिरवल्याची तारीख, शेवटचं वाक्य जसंच्या तसं, सुरुवातीची किती रूपं सापडली, आणि पुढे काय यायचं होतं. पाचवी ओळ अकरापैकी नऊ कार्डांवर कोरी राहिली. कोरी तर कोरी. ती अंदाजानं भरली की पुढचे दोन आठवडे त्या अंदाजामागे जातात.

चौथी ओळ बोलकी निघाली. क्र. ६ च्या पहिल्या परिच्छेदाची सात रूपं आहेत, तिसऱ्या परिच्छेदाचं एकच.

८ जून, रविवार

हार्ड डिस्कवरचे तीन मसुदे (२, ५, ८) श्रीलिपी या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधले. युनिकोडमध्ये आणल्याशिवाय शोध चालत नाही, फोनवर वाचता येत नाही, दोघांना एकाच फायलीवर काम करता येत नाही. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण निकाल डोळ्यांखालून घालावाच लागतो. ठरावीक तीन ठिकाणी गडबड होते.

एक, पहिली वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात, वेलांटी आधी आणि व्यंजन मागून. युनिकोडमध्ये व्यंजन आधी. सुट्या अक्षराला हे बरोबर उलटतं; जोडाक्षर आलं की वेलांटी अर्ध्या अक्षराला चिकटते आणि 'स्थिती'मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. दोन, रफार. तो एक अक्षर पुढे सरकतो. 'अर्धवट'चं 'अधर्वट' झालं होतं. या प्रकल्पात तो शब्द इतक्यांदा येतो की चूक लगेच नजरेत भरली. तीन, 'दुसऱ्या'मधला ऱ्य. तो दोन तऱ्हांनी साठवता येतो आणि बहुतेक फॉन्टांत दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे एका तऱ्हेनं शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेला शब्द सापडत नाही. सगळीकडे एकच तऱ्हा करून घेतली.

तिन्ही मिळून सुमारे १४,००० शब्द, अक्षरदुरुस्तीला साडेपाच तास. नियम एकच ठेवला: अक्षरं दुरुस्त करायची, वाक्यांना हात लावायचा नाही. नाहीतर पहिली दोन पानं आठव्यांदा घोटली जातात आणि वेळ तिथेच संपते.

१५ जून, रविवार

वाचन. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, दोघांच्या हातात पेन नाही. पेन असलं की वाचणारा दुरुस्त्या करत बसतो आणि अख्खं लेखन एका दमात कानावर पडतच नाही. ऐकणाऱ्याचं काम एवढंच: लक्ष जिथे सुटलं तिथे टेबलावर टिचकी मारायची. वाचणाऱ्यानं त्या ओळीशी पेपरक्लिप लावायची आणि वाचत राहायचं.

सहा तासांत आठ मसुदे झाले, क्र. ८ कादंबरीची तीन प्रकरणं असल्यानं मागे ठेवला, उरलेले दोन मंगळवारी. वाचलेल्या दहांपैकी सातांमध्ये पहिली टिचकी शेवटच्या वाक्याच्या बरीच आधी पडली, २०० ते ७०० शब्द आधी. लेखन थांबलं एका जागी आणि मोडलं दुसऱ्याच जागी. मोडल्यावरही ते काही पानं नुसत्या वेगावर चालत राहतं, पेडल थांबवलेल्या सायकलीसारखं. मग कुठेतरी थांबतं आणि आपण त्या शेवटच्या ओळीशी डोकं धरून बसतो. तिथे काही बिघडलेलं नसतं, म्हणून तिथे काही सापडत नाही.

यापुढे कार्डावर सहावी ओळ: मोडलेली जागा.

२२ जून, रविवार

कारणं लावली. एकेका मसुद्याला एकच, मुख्य.

विषय पसरला: ३, ६. निवेदकाला नको ते आधीच माहीत: ७. माहिती कमी आणि ती झाकायला मोघम वाक्यं: ५, २. लेखन कधीच संपलेलं, पण लक्षात न आल्यानं पुढे चालू: १. प्रसंग शिळा: ४ (२०१९ च्या निवडणुकीवरचा). ज्या व्यक्तीवर लिहिलंय तिला विचारलेलंच नाही: ९. मूळ लेखनाचे हक्क मिळाल्याशिवाय छापता येणार नाही असा अनुवाद: ११. क्र. १० ला नक्की काय झालंय ते कळलं नाही. क्र. ८ बाजूलाच.

'कंटाळा' आणि 'वेळ मिळाला नाही' ही दोन कारणं कार्डावर लिहायला बंदी आहे. खरी असली तरी त्यावरून पुढचं काम ठरत नाही.

२९ जून, रविवार

उरलेल्या आठ आठवड्यांत अकरा होत नाहीत. निवडले पाच: १, ३, ५, ७, १०. कसोटी अशी की मोडलेली जागा दाखवता येते का, आणि दुरुस्ती एका वाक्यात सांगता येते का. क्र. १० या कसोटीला उतरत नाही. त्यातले संवाद चांगले आहेत म्हणून घेतला. ही निवड चुकण्याची शक्यता आहे.

बैठकीची पद्धत ठरली. ४५ मिनिटं, आठवड्यात चार वेळा, एका वेळी एकच मसुदा. उठताना वाक्य अर्धं सोडायचं आणि त्याखाली पुढच्या दोन वाक्यांचा आशय चार-पाच शब्दांत टिपायचा. परिच्छेद पुरा करून उठलं तर दुसऱ्या दिवशी पहिली १५ मिनिटं मागचं वाचण्यात आणि तेच घोटण्यात जातात.

माहितीचं भोक पडलं तर तिथे तीन फुल्या टाकून पुढे जायचं. फुल्या असलेल्या जागा शनिवारी एकदम भरायच्या. एसटीचं एक जुनं तिकीटभाडं शोधायला इंटरनेटवर गेलेला माणूस जुन्या एशियाड गाड्यांचे फोटो बघत बसतो, हे सांगायला नकोच.

६ जुलै, रविवार (आषाढी एकादशी)

क्र. १, व्यक्तिचित्र. २,३०० शब्द, तरी अपुरं वाटत होतं. मोठ्यानं वाचताना सहाव्या परिच्छेदाच्या शेवटी दोघंही आपसूक थांबले होते. तिथेच ते संपतं. पुढचं सगळं वर्णनाची पुनरुक्ती. १,४०० शब्द काढले, ९०० उरले, एक वाक्य जोडावं लागलं. एका बैठकीत काम खलास.

१३ जुलै, रविवार

क्र. ३, रॉकेलच्या स्टोव्हवरचा लेख. १,१४० शब्द. शेवटची ओळ: 'त्यानंतर गॅस आला आणि'. वाक्यसुद्धा पुरं नाही. वरवर पाहिलं तर गॅसबद्दल काही सुचलं नाही म्हणून लेख थांबला. पेपरक्लिप मात्र ४३० व्या शब्दाशी आहे.

पहिले तीन परिच्छेद स्टोव्हवरून हलत नाहीत. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरच्या बुडाशी लावायचा, बर्नर तापू द्यायचा, चावी आवळून पंप मारायचा, ज्योत फरफरली की पिन मारायची. चौथा परिच्छेद सुरू होतो 'त्या काळी स्वयंपाकघर म्हणजे' असा. तिथून चूल, वखार, रेशन, शेजारधर्म, सगळं गाव येतं आणि स्टोव्ह पुन्हा दिसत नाही. 'त्या काळी' हे दोन शब्द मराठी स्मरणलेखात दिसले की पुढचा परिच्छेद संशयानं वाचावा. बहुतेक वेळा तिथे वस्तू हातातून सुटलेली असते.

केलेलं काम: ४३० च्या पुढचे ७१० शब्द कापून 'काढलेलं-३' या फायलीत. पुसायचे नाहीत. पुसायचं म्हटलं की हात अडतो, हलवायचं म्हटलं की अडत नाही. त्यातले ९० शब्द, रेशनच्या रांगेतल्या पत्र्याच्या डब्याचे, परत घेतले, कारण ते रॉकेलच स्टोव्हमध्ये जातं.

मग एक प्रश्न: स्टोव्हबद्दल काय सांगायचं राहिलंय? बिघाड. पंपाच्या दांड्याच्या टोकाला चामड्याचा वॉशर असतो. तो सुकून आकसला की दांडा सैल चालतो, टाकीत हवा शिरत नाही, ज्योत पिवळी पडते आणि पातेल्याचं बूड काळं होतं. दांडा उपसून वॉशरला खोबरेल चोळायचं, कडा बोटानं बाहेर फाकवायच्या, पुन्हा बसवायचा. चौथ्या-पाचव्या दाबाला हाताला जोर लागायला लागतो. शेवटचा परिच्छेद हाच, आणि तो आधी लिहिला. त्यानंतर तिथपर्यंत पोचायला काय लागेल ते मागे जाऊन भरलं: पितळी टाकी, तीन पाय, पिनांचं पाकीट, दुरुस्तीवाला.

पाच बैठका. आत्ता १,४२० शब्द. 'गॅस' हा शब्द लेखात कुठेही नाही.

२० जुलै, रविवार

क्र. ७, कथा. १,८५० शब्द. दोन भाऊ एसटी स्टँडवर बसलेत, वाटणीपत्रावर सह्या करायला तालुक्याला निघालेत. गाडी फलाटाला लागते आणि कथा थांबते. गाडीत बसवून काय करायचं हे कुठल्याच टिपणात नाही.

मोड दुसऱ्या पानावर. मूळ वाक्य:

'वाटणीपत्र पिशवीत होतं, पण सही करायची नाही हे अण्णानं घरूनच ठरवलं होतं.'

इथे कथा संपली. पुढची चार पानं वाचकाला ठाऊक असलेल्या गोष्टीची वाट बघतात. बदललेलं:

'वाटणीपत्र पिशवीत होतं. जागा असूनही अण्णानं पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.'

एवढ्यानं कथा हलली, पण एक वाक्य बदललं की त्याच्या आधारावर उभी असलेली वाक्यं लोंबकळतात. शोध घेतल्यावर तीन सापडली. धाकटा चहा आणायला जातो तिथे 'ठरलेलं असूनही' होतं, ते गेलं. कंडक्टरच्या प्रसंगातले दोन शब्द गेले. तिसरं वाक्य, 'अण्णा, तलाठी अकराला उठतो, चल की', हे धाकट्याचं. ते तसंच राहिलं आणि आता त्याला धार आली.

शेवट: गाडी लागते, धाकटा चढतो, खिडकीतून हात बाहेर काढून पिशवी मागतो. पुढे एक ओळ आहे, ती इथे देत नाही. २,०४० शब्द.

२७ जुलै, रविवार

क्र. ५, गावाबाहेरची बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. शेवटचं वाक्य 'ही बारव यादवकालीन असावी, असं'. कुणाचं मत, ते नाही. आपल्याकडे दगडी बांधकाम चुन्याशिवाय दिसलं की हेमाडपंती, आणि विहिरीला पायऱ्या दिसल्या की अहिल्याबाईंनी बांधलेली, असं म्हणून मोकळं होण्याची सवय आहे. अहिल्याबाईंनी विहिरी, घाट, धर्मशाळा खरोखरच पुष्कळ बांधल्या, म्हणून तर हे चटकन खपतं. लेखात 'असावी', 'म्हणतात' आणि 'सांगितलं जातं' मिळून १४ वेळा होतं. लेखन अडलं ते या चौदा जागांच्या ओझ्यानं.

उपाय टेपचा. काळ ठरवायचं सोडून दिलं. बारव आज कशी आहे तेवढंच लिहायचं. ३० मीटरची टेप, दोन माणसं, दोन तास. उतरायचं तेव्हा एकानं वर थांबायचं, पावसाळ्यात पायऱ्यांना शेवाळ असतं. तोंडाची लांबी-रुंदी, पायरीची उंची, देवकोष्ठं किती आणि त्यांत मूर्ती किती, मोटेचं पाणी पडतं ते थारोळं कुठल्या बाजूला, बैलांच्या धावेची खूण उरली आहे का. पावसामुळे खालच्या पायऱ्या पाण्यात आहेत, म्हणून 'जुलैअखेर पाण्यावर २३ पायऱ्या' असंच लिहिलं. एकूण आकडा उन्हाळ्यातच मिळेल.

'असावी' आता एकदाच उरलं आहे, आणि तिथे ते कुणाचं मत आहे हेही लिहिलंय.

थोडा मजकूर जागेवरच फोनवर बोलून उतरवला. मराठी बोलून टाइप करणं वेगवान आहे, पण विरामचिन्हं नीट पडत नाहीत आणि 'थारोळं', 'धाव' असे शब्द भलतेच उमटतात. त्याच संध्याकाळी दुरुस्त केलं नाही तर दोन दिवसांनी आपलंच वाक्य लागत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

सांधे. जुनं लेखन आणि नवं लेखन जिथे भेटतं तिथे टाका दिसतो. क्र. ५ चा पूर्वार्ध बऱ्याच वर्षांपूर्वीचा, त्यात 'केले, गेले, पाहिले'. उत्तरार्धात 'केलं, गेलं, पाहिलं'. 'सगळीकडे बदला' ही आज्ञा इथे धोक्याची: 'ते गेले'चं 'ते गेलं' होतं आणि माणसाचं वासरू. एकेक बघूनच बदलावं लागलं, ६८ जागा, पाऊण तास.

क्र. ३ मध्ये काळ बदलत होता, पूर्वार्ध 'पंप मारत असत', उत्तरार्ध 'पंप मारायचा'. दुसरं ठेवलं. क्र. ७ मध्ये वाक्यांची लांबी वेगळी: जुनी वाक्यं १५-१८ शब्दांची, नवी सहा-सात. नवी लांबवण्यापेक्षा सांध्याच्या आधीची चार जुनी वाक्यं तोडली. टाका सांध्यावर झाकायला गेलं तर ठिगळ दिसतं; तो दीडशे शब्द मागे विरवत न्यावा लागतो.

१० ऑगस्ट, रविवार

क्र. १० सोडला. सहा बैठका गेल्या. संवाद चांगले आहेत, पण बोलणाऱ्या दोघींना एकमेकींकडून काहीच नकोय, त्यामुळे कुठूनही सुरू करता येतं आणि कुठेही थांबवता येतं. मोडलेली जागा सापडत नव्हती, कारण जोडलेलं काही नव्हतंच. फाइल 'बंद' या कप्प्यात, कार्डावर कारण आणि तारीख. कारण लिहून बंद केलेलं पुन्हा सहज उघडलं जात नाही. नुसतं टाकून दिलेलं दर दोन वर्षांनी वर येतं.

'करमणूक' साप्ताहिक १८९० साली सुरू झालं आणि हरिभाऊ आपटे त्यातून कादंबऱ्या क्रमशः लिहीत गेले. त्यांच्या काही सामाजिक कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. क्रमशः लेखनात छापून गेलेलं प्रकरण मागे घेता येत नाही, मोड तिसऱ्या प्रकरणात असली तरी दुरुस्ती विसाव्यात करावी लागते. आपल्याला ती अडचण नाही, आणि तरी आपण पहिल्या पानाला छापील असल्यासारखं जपतो.

१७ ऑगस्ट, रविवार

चारही मसुदे छापून घेतले, १४ पॉइंट, दीड ओळ अंतर. पडद्यावर न दिसणाऱ्या चुका कागदावर दिसतात, विशेषतः ऱ्हस्व-दीर्घ. अधिकृत नियम अठरा आहेत (चौदा १९६२ चे, चार १९७२ चे), पण चुका तीन-चार नियमांतच होतात: शब्दाच्या शेवटचा इकार-उकार, आणि सामान्यरूपात बदलणारं उपान्त्य (शेवटून दुसरं) अक्षर. 'विहीर' पण 'विहिरीत'. क्र. ५ मध्ये हा एकच शब्द नऊ ठिकाणी चुकला होता.

तीन फुल्या टाकलेल्या जागा शोधल्या. दोन उरल्या होत्या. एक भरली, दुसरीचं वाक्यच काढलं.

२४ ऑगस्ट, रविवार

चार रवाना. एकाला एक ईमेल, फाइल युनिकोडमध्ये, सोबत पीडीएफ, कारण अंक लावणाऱ्याकडे मजकूर पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये जातो आणि रफार पुन्हा सरकतात; पीडीएफ असली तर मूळ काय होतं ते बघता येतं. शब्दसंख्या ईमेलमध्येच लिहिली.

प्रत्येक लेखात एक परिच्छेद 'जागा कमी पडल्यास हा काढावा' म्हणून समासात खूण करून दिला. पान भरताना मजकूर जास्त झाला की कात्री साधारण शेवटावर चालते.

१४ सप्टेंबर, रविवार

क्र. ३ ची प्रुफं आली. जाहिरात वाढल्यामुळे नऊ ओळी कमी करायला सांगितल्या आहेत. खुणेचा परिच्छेद, रेशनच्या डब्याचा, साडेसात ओळींचा आहे. उरलेल्या दीड ओळी दुरुस्तीवाल्याच्या परिच्छेदातून काढल्या. वॉशरला हात लावला नाही. 'बर्नर'चा रफार तीन ठिकाणी 'न'वरून 'र'वर सरकला होता, लाल शाईनं परत बसवला. प्रुफं त्याच संध्याकाळी परत.

क्र. २ चं कार्ड वर काढलं आहे. मोडलेली जागा: पान ४, ओळ ११.